अण्णांची खाज

नाशिक,
१२ ऑगस्ट

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

परवा काकांच्या मानेवरच्या खाजेबद्दल बोललास आणि फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. आमच्या अण्णांचं अगदी तसंच होतं.

अण्णा तीन वर्षं खाजवत होते. आम्ही सगळा दोष द्राक्षाच्या फवारणीला दिला. मेडिकलमधून ट्यूब आणायची; आठ दिवस आराम, बंद केली की दुप्पट आग. तिच्यात कडक स्टेरॉइड आहे हे देणाऱ्याने कधी सांगितलं नाही. गालाची कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसायला लागल्या, तेव्हा आम्ही घाबरलो. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी इथल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी अण्णांना सदरा काढायला लावून खिडकीपाशी उभं केलं. पापण्या उचलून पाहिल्या, कान पुढे ओढून मागची घडी पाहिली, हनुवटी वर करायला लावली. म्हणाल्या, "उन्हाचा त्रास असता तर या सावलीतल्या जागा बऱ्यापैकी सुटल्या असत्या. इथे हवेतून काहीतरी येऊन बसतंय." मग विचारलं, गावाबाहेर गेल्यावर कमी होतं का? आईला आठवलं, ताईकडे मुंबईला पंधरा दिवस होते तेव्हा रात्री शांत झोपायचे. पुढचा प्रश्न: "बांधावर गाजरगवत आहे?"

आहे म्हणजे काय, कमरेएवढं!

पाठीवर छोट्या चकत्यांत वेगवेगळे पदार्थ चिकटवले. ४८ तासांनी काढून पाहिलं, पुन्हा ९६ तासांनी. बाकी जागा स्वच्छ. गाजरगवताच्या जागी लालभडक फुगवटा, वर बारीक पुटकुळ्या. त्या गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य ॲलर्जी देतं, आणि वाळलेल्या झाडाची धूळसुद्धा पुरते. म्हणून आता उपटणी गडी करतात, तीही फुलं येण्याआधी. अण्णा तिकडे फिरकत नाहीत. थोडे दिवस मलम, मग शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या. त्यासाठी रक्त वरचेवर तपासावं लागतं, ते चुकवत नाही. या पावसाळ्यात पापण्या सुजल्या नाहीत.

काकांना हेच असेल असं नाही. नायटाही असू शकतो. मग कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात. पण बघितल्याशिवाय आणखी ट्यूब नको रे.

त्यांना घेऊन ये. पाठीची तपासणी झाली तर पाचेक दिवस लागतील, आमच्याकडेच राहतील. वापरलेल्या ट्यूबा टाकून देऊ नकोस, सगळ्या पिशवीत घालून आण, बाईंना दाखवू.

तुझाच,
विलास