नमुना सही जुळत नसताना ॲप टाकायचे कसे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महात्मा गांधी रोडवर १४ वर्षे मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवते. फुटलेली काच, फुगलेली बॅटरी, सैल झालेला चार्जिंग पॉइंट हे रोजचेच. गेल्या दोन महिन्यांत मात्र काउंटरवर एक नवीन मागणी वाढली आहे : "ताई, ॲप अपडेट होत नाही, जुने काढून नवे टाकून द्या." तीच अडचण माझ्या घरात आली, म्हणून हे पत्र.

आईचे खाते आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत आहे. संस्थेने खातेदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या ॲपची एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये ॲप टाकायची फाइल) टाकली होती. आईने ती शेजारच्या मुलाकडून फोनमध्ये टाकून घेतली. मग नवी फाइल आली. ती टाकायला गेले तर फोनने नकार दिला. आधीच्या ॲपशी तिचा मेळ बसत नव्हता. संस्थेत फोन केला. "जुने डिलीट करा आणि नवे टाका, सगळ्यांना तेच सांगतोय," एवढेच उत्तर मिळाले.

फोन उगाच अडत नाही. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ती करायची गुप्त किल्ली त्याच्याचकडे असते. ॲप पहिल्यांदा टाकले की फोन त्या सहीचा नमुना जपून ठेवतो. पुढे त्याच ॲपचे अपडेट आले की सही ताडून पाहतो, जुळली तरच आत घेतो. मधल्या मध्ये कोणी फाइलमध्ये ढवळाढवळ केली तर सही मोडते. सहीच्या जुन्या पद्धतीत सही न मोडता ढवळाढवळ करता येईल अशी एक फट होती, ती २०१७ मध्ये उघडकीला आली. पण २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अख्ख्या फाइलवर सही करायची सोय आहे.

मार्चमध्ये आई पैसे काढायला गेली तेव्हा याच संस्थेने तिची स्लिप परत केली होती. तिचा हात थरथरतो, सही नमुना कार्डाशी जुळेना. तीनदा सही केली तेव्हा पैसे हातात पडले. त्या कर्मचाऱ्याचा मला राग आला नाही, आजही नाही. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याने असेच काटेकोर असायला हवे. मग सही जुळत नाही म्हणून फोन अडतो, तेव्हा नमुना कार्डच फाडून टाका, असे तीच संस्था कशी सांगते? जुने ॲप डिलीट करणे म्हणजे नेमके तेच आहे.

दुकानातल्या लॅपटॉपवर मी दोन्ही फाइल तपासल्या. एपीके-साइनर हे साधन फुकट मिळते. ते सही कोणाची आहे ते आणि त्या सहीच्या प्रमाणपत्राचा, म्हणजे सहीसोबतच्या ओळखपत्राचा, ६४ अक्षरांचा ठसा दाखवते. दोन्ही ठसे वेगळे निघाले. सही करणाऱ्याच्या नावाच्या जागी दोन्हीकडे फक्त 'अँड्रॉइड डीबग'! ही चाचणीपुरती सही. ॲप बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती आपोआप तयार होते, तिच्या किल्लीचा पासवर्ड सगळीकडे सारखाच असतो, आणि कॉम्प्युटर बदलला की सही बदलते. प्ले स्टोअर अशी सही घेतच नाही. आणि अशा सहीच्या ॲपमधून आमच्या भागातली माणसे पैसे पाठवत आहेत.

याचा परिणाम मी समोर पाहिला. मखमलाबादकडचे एक द्राक्ष बागायतदार काका दुकानात आले. बोटांच्या पेरांत मोरचुदाचा निळा रंग तसाच होता. वाहनाच्या दंडाची म्हणून आलेली एपीके त्यांनी उघडली होती. तिने एसएमएस वाचायची परवानगी घेतली, ओटीपी परस्पर गेले आणि रात्रीतून ४१ हजार रुपये खात्यातून उडाले. फोनने आधी सावध केले नव्हते का, असे विचारले. म्हणाले, "केलं होतं ना. पण पतसंस्थेच्या ॲपलाही तसंच आलं होतं, तेव्हा त्यांनीच बाहेरचं ॲप टाकू देणारं सेटिंग चालू करायला लावलं होतं." मी तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून दिला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

सही आहे म्हणून ॲप प्रामाणिक, असे नाही. चोरही स्वतःची किल्ली बनवून सही करतो. सहीवरून हात तोच की दुसरा, एवढेच कळते. म्हणूनच पहिली प्रत खात्रीच्या ठिकाणाहून यायला हवी आणि पुढे हात बदलता कामा नये. ॲप बनवणाऱ्यांची ओळख तपासायची योजना गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केली. तिची सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून आहे, बाकी देशांची पाळी २०२७ पासून पुढे. तोवर हातावर हात ठेवून बसायचे का?

पतसंस्थांनी ॲप प्ले स्टोअरवरूनच द्यावे. अगदीच फाइल द्यायची वेळ आली तर सहीचा ठसा नोटीस बोर्डावर आणि पासबुकात छापावा. ताडून द्यायला माझ्यासारख्या दुकानदाराला दोन मिनिटे पुरतात, मी त्याचे पैसे घेणार नाही. किल्ली ॲप बनवणाऱ्या ठेकेदाराकडे न राहता संस्थेच्या ताब्यात, तिजोरीच्या किल्लीसारखी असावी. ती बदलावी लागलीच तर जुन्या किल्लीने नवीची ओळख पटवून द्यायची सोय २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून आहे, त्यामुळे "किल्ली बदलली" ही सबब चालणार नाही. सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयाने या सगळ्याचे परिपत्रक काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आईच्या फोनमधले जुने ॲप मी काढलेले नाही. महिनाअखेर ते बंद पडेल, असे संस्थेने कळवले आहे. दोन्ही ठसे कागदावर लिहून, यातला तुमचा कोणता, असे मी संस्थेला लेखी विचारले आहे. पोच मिळाली, उत्तर अजून आलेले नाही.

आपली नम्र,
एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, पंचवटी, नाशिक