तक्रार : नेटवर्क गेले की अर्धी भरलेली पावती कोरी होते

प्रति,
मा. ग्राहकसेवा प्रमुख

विषय : आपल्या रिॲक्ट ॲप-किटमधील प्रोव्हायडरच्या मांडणीमुळे झालेला त्रास

महोदय,

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये काट्यावरची नोंद टॅबलेटवर होते : शेतकऱ्याचे नाव, प्लॉट, क्रेट, वजन. हे ॲप मी आपल्याकडून विकत घेतलेल्या किटवर, म्हणजे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेल्या तयार सांगाड्यावर, बांधले आहे. यंदा ऐन काढणीत नेटवर्क क्षणभर गेले तरी अर्धी भरलेली पावती कोरी होऊ लागली. बाहेर गाड्यांची रांग, आणि काट्यावरच्या ताईंना उतरवलेले क्रेट पुन्हा तोलावे लागत होते. दोन शेतकऱ्यांशी वजनावरून वाद झाला तो वेगळाच. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला, याचे मला सर्वात जास्त वाईट वाटते.

आठवडाभर शोधल्यावर कारण आपल्या मूळ फाइलमध्ये सापडले. तिथे एकात एक १४ प्रोव्हायडर आहेत, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना सामायिक माहिती (कॉन्टेक्स्ट) पुरवणारी वेष्टने. त्यांतला डेटा-सिंकचा (नोंदी सर्व्हरशी जुळवणारा) प्रोव्हायडर नेटवर्क असेल तरच आतल्या भागाभोवती गुंडाळला जातो. नसेल तर आतला भाग त्याच्याशिवाय दिला जातो. कंपोनंटच्या, म्हणजे पडद्याच्या सुट्या भागांच्या, झाडात त्याच जागी वेगळ्या प्रकारचा कंपोनंट आला, की रिॲक्ट त्याखालचे सगळे काढून नव्याने उभारते आणि तिथली स्टेट (तोवर भरलेली माहिती) जाते. ‘ही रिॲक्टची मर्यादा आहे’ असे आपल्याकडून कळवण्यात आले. मला ते मान्य नाही. रिॲक्टच्या दस्तऐवजात हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. प्रोव्हायडर कायम जागेवर ठेवून ‘नेटवर्क नाही’ एवढी खबर त्याच्या व्हॅल्यूतून (तो पुरवतो त्या माहितीतून) द्यायला हवी होती. मी तसा बदल करून पाहिला आणि पावत्या टिकल्या. पण किटच्या फाइलला हात लावला की आपली मदत बंद होते, आणि पुढच्या अपडेटमध्ये माझा बदलही पुसला जातो.

तक्रारीनंतर आलेल्या आवृत्तीत आपण ते १४ प्रोव्हायडर एका यादीत मांडले आणि फंक्शनने गुंडाळले. नेटवर्कची अट तशीच राहिली. वर ती यादी कोणीतरी इंग्रजी अक्षरक्रमाने लावली! डेटा-सिंक बाहेर गेला, युजरचा प्रोव्हायडर आत आला. बाहेरच्याला आतला कॉन्टेक्स्ट वाचता येत नाही, त्याला डिफॉल्ट व्हॅल्यू मिळते. आपली डिफॉल्ट म्हणजे रिकाम्या नावाचा युजर. त्यामुळे एरर आली नाही, आणि दिवसभराच्या नोंदी कोणी केल्या हे कुठेच उरले नाही. एकात एक लिहिल्याने उजवीकडे सरकत जाणाऱ्या आधीच्या ओळींचा मला कधीच त्रास नव्हता. कोण कोणाच्या पोटात आहे, ते निदान त्यांतून दिसत होते.

रिॲक्ट १९ वर गेल्यावर हे सुटेल, असेही आपण लिहिले आहे. त्या आवृत्तीत कॉन्टेक्स्टच थेट प्रोव्हायडर म्हणून लिहिता येतो, म्हणजे लिहिणे कमी होते. क्रमाचा प्रश्न तिथेही तसाच आहे.

टॅबलेटवरचा कीबोर्ड अडखळतो, त्याचेही मूळ इथेच आहे. ‘शेवटचे सिंक किती सेकंदांपूर्वी’ हा आकडा आणि शेतकऱ्यांची यादी एकाच व्हॅल्यूत असल्याने दर सेकंदाला नवे ऑब्जेक्ट तयार होते आणि ते वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो (नव्याने काढला जातो). मेमो (अनावश्यक रेंडर टाळण्याची रिॲक्टची सोय) लावूनही ते थांबत नाही.

माझी मागणी अशी : सिंकवरची अट काढावी. युजर बाहेर, सिंक त्याच्या आत, हा क्रम कारणासह फाइलमध्येच लिहावा. सेकंदांचा कॉन्टेक्स्ट वेगळा करावा. पावतीचा प्रोव्हायडर मुळाशी न ठेवता पावतीच्या पडद्यापाशी आणावा. आणि प्रोव्हायडर सापडला नाही तर हुकने (कॉन्टेक्स्ट वाचणाऱ्या फंक्शनने) तिथल्या तिथे एरर द्यावी.

हे १५ दिवसांत होणार नसेल, तर या वर्षाचे नूतनीकरण शुल्क परत करावे.

आपला,
किटचा परवानाधारक ग्राहक
दिंडोरी, जि. नाशिक