गच्चीवरचा स्मोकर आणि खाडीचा वारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि बंगल्यांच्या अंगणात कोळशाचे स्मोकर, म्हणजे मंद आचेवर आणि धुरात मांस शिजवायच्या झाकणाच्या भट्ट्या, बाहेर निघतात. ते चालवायचे कसे, हे बहुतेक जण परदेशी व्हिडिओ बघून शिकतात. तिकडे बर्फ पडलेला असतो, म्हणून सांगितले जाते की कोळसा दीडपट घ्या आणि हवेच्या झडपा जास्त उघडा. ठाण्यात तसे केले की तंगडी बाहेरून काळी पडते आणि हाडाजवळ लाल राहते.

स्मोकरच्या पोटात साधारण १२० अंश सेल्सिअस हवे असतात. मे महिन्यात बाहेर ३४ अंश असतील तर आत-बाहेरचा फरक ८६ अंशांचा, जानेवारीच्या पहाटे १६ असतील तर १०४ अंशांचा. पत्र्यातून निघून जाणारी धग या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे आपल्या थंडीत ती फार तर पाचव्या हिश्श्याने वाढते. चार किलो कोळसा लागत असेल तिथे पाऊण किलो जास्त घेतला की थंडीचा प्रश्न संपला.

वाऱ्याचा प्रश्न असा संपत नाही, कारण वारा एकाच वेळी दोन उलटी कामे करतो. स्मोकरचा वाऱ्याकडचा पत्रा तो गार करतो आणि खालच्या झडपेतून आत शिरून भात्यासारखा निखारा फुलवतो. झाकणावरचा तापमानाचा काटा वाऱ्याच्या तोंडाशी असला तर तो ९० दाखवतो. माणूस घाबरून झडपा उघडतो, आणि त्याच वेळी आत मांस ठेवायच्या जाळीपाशी १७० झालेले असतात. अशा वेळी झडपेच्या भोकातून आत डोकावून पाहावे: वाऱ्याकडचा कोळसा केशरी होऊन वर पांढरी राख धरलेला असतो, पलीकडचा तसाच काळा. म्हणून झाकणाच्या काट्यावर भरवसा ठेवू नये. वायरवाला थर्मामीटर घेऊन त्याचे टोक जाळीच्या पातळीवर, मांसापासून दोन बोटे दूर ठेवावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून पश्चिम-वायव्येचा सुरू होतो. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी इथे तो खाडीवरून थेट येतो, मध्ये काही आडवे नसते. सकाळी आठला पेटवलेला स्मोकर चार-पाच तास छान चालतो आणि दुपारी एकाएकी भडकतो, त्याचे कारण बहुधा हेच. सकाळी आडोशाला असलेली झडप आता वाऱ्याच्या तोंडी आलेली असते. बऱ्याच उभ्या स्मोकरना खाली तीन झडपा असतात. वाऱ्याकडच्या दोन पूर्ण बंद करून मागची एकच उघडी ठेवावी, तीही पाव ते अर्धी. वारा फिरला की झडपाही बदलाव्यात. धुराड्याची वरची झडप मात्र शिजून होईपर्यंत पूर्ण उघडी हवी. आच कमी करायला ती बंद केली तर धूर आत कोंडतो आणि मांसाला कडवट, डांबरट चव धरते. आच नेहमी खालूनच आवरावी.

आडोसा तीन बाजूंनी करावा. तो स्मोकरच्या झाकणाइतका उंच आणि स्मोकरपासून दोन फूट लांब असावा. वाऱ्याच्या मागची बाजू आणि वरचे आकाश मोकळे ठेवावे. लोखंडी पत्रा किंवा रचलेल्या विटा चालतात. प्लायवूड, फ्लेक्स आणि हिरवी जाळी नको, एक ठिणगी पुरते. पत्रा खाली विटांनी दाबून वर तारेने बांधलाच पाहिजे. विसाव्या मजल्याच्या गच्चीवरून सुटलेला पत्रा खाली कुणाच्या डोक्यावर जाईल, याचा विचार आधी करावा. स्मोकरला गोणपाट गुंडाळण्याचा प्रकारही दिसतो. तो वाळला की पेटतो.

पेटवतानाच अर्धे काम होते. १८ इंची स्मोकरमध्ये चार-साडेचार किलो न पेटवलेला कोळसा भरावा, मध्ये वाटीएवढा खड्डा करावा आणि वेगळ्या डब्यात फुलवलेले पंधरा-वीस निखारे त्यात ठेवावेत. विस्तव हळूहळू बाहेर सरकतो आणि पाच-सहा तास एकसारखी आच मिळते. सगळा कोळसा आधीच फुलवून घातला तर वाऱ्यात तो कुणाच्या ताब्यात राहत नाही. वाढलेली आच उतरवणे फार अवघड, चढवणे सोपे. म्हणून १०० अंश झाले की खालची झडप कमी करायला लागावे. कोळसा लाकडीच घ्यावा. दगडी कोळशात गंधक असते, तो अन्नाजवळ आणू नये. पोत्याच्या तळाची भुकटी चाळून टाकावी, ती हवेच्या वाटा बुजवते. कोळसा आणि जाळी यांच्या मधल्या ताटलीत तीन लिटर पाणी घालावे, तेही उकळते. गार पाणी घातले तर सुरुवातीची सगळी धग ते तापवण्यातच जाते. पाणी शंभराच्या वर तापत नाही, म्हणून झोताने भडकलेली आच ते बरीचशी पोटात घेते. सोसाट्याच्या दिवशी ही ताटली कोरडी पडू देऊ नये.

धुरासाठी आंबा, पेरू, चिंच किंवा बाभूळ यांचे वाळलेले, मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात. सुरुवातीला दाट पांढरा धूर निघतो. तो विरळ, निळसर होईपर्यंत मांस आत ठेवू नये. उरण-न्हावाशेव्याकडच्या कंटेनर यार्डांमधून निघालेली पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी चौकटींची) फळकुटे स्वस्तात मिळतात, ती अजिबात नकोत. त्यातली बरीच पाइनची असतात आणि राळेमुळे काजळी धरते. ज्यांच्यावर ‘एमबी’ असा शिक्का असतो त्यांना कीड मारण्यासाठी मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. तीच काळजी ड्रमची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले जुने २०० लिटरचे ड्रम घेऊन वेल्डिंगवाल्याकडून स्मोकर करून घेणाऱ्यांनी आधी त्यात काय भरलेले होते हे विचारावे. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नये, आणि जस्ताचा मुलामा असलेली जाळी निखाऱ्यावर वापरू नये.

झाकण उघडले की धग जाते आणि वारा थेट निखाऱ्यापर्यंत पोचतो. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे वाढतात, पुढे आचही उसळते. कोंबडी शिजली की नाही हे रंगावर ठरवू नये. हाडाला न टेकवता जाड भागात थर्मामीटरची सळई खुपसून ७४ अंश आले पाहिजेत. मटणाचा खांदा सुटा व्हायला ९० ते ९५ लागतात. मध्ये ७०च्या आसपास काटा तासभर हलत नाही, कारण मांसातले पाणी उडताना धग खाते. तेव्हा कोळसा वाढवू नये, थांबावे.

आता ज्यासाठी हे पत्र मुद्दाम लिहिले ते. वारा झेपेना म्हणून लोक स्मोकर गॅलरीत, जिन्याच्या खोलीत, शटर अर्धे ओढलेल्या पार्किंगमध्ये नेतात. धूर दिसत नाही, निखारा नुसता लाल आहे, म्हणून काही होणार नाही असे वाटते. त्या लाल निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे माणूस जागरणाच्या माथी मारतो आणि झोपतो तो उठत नाही. रात्री ऊब म्हणून शेगडी खोलीत घेणाऱ्यांचेही असेच होते. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. कुणाला त्रास झालाच तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच १०८ला फोन करावा. वारा आवरतच नसेल तर त्या दिवशी बेत रद्द करावा. येऊरच्या जंगलात आडोसा शोधायला जाऊ नये. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तिथला पाचोळा पेटायला वेळ लागत नाही.

शिजवून झाले की वरच्या-खालच्या सगळ्या झडपा बंद कराव्यात. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो आणि वाऱ्याने पुन्हा फुलतो. ती राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून पाणी ओतावे, काठीने ढवळून पूर्ण थंडगार होईपर्यंत थांबावे आणि मगच कचऱ्याच्या डब्यात टाकावी. सोसायटीचा डबा प्लास्टिकचा असतो आणि त्यात रात्रीचे कागद, पुठ्ठे भरलेले असतात.

आपले,
कोळशावर रांधणारे काही वाचक, ठाणे व ऐरोली