लेस्बॉसवर भेटलेल्या अनोळखी माणसांचे आभार

एप्रिलअखेर मी एकटीच कॅमेरा घेऊन ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर होते. ज्यांनी मदत केली त्यांची नावं विचारायची राहून गेली, म्हणून इथे जाहीर आभार.

आखलाडेरीच्या पाइनच्या जंगलात भेटलेलं वयस्कर जोडपं, तुमचे सर्वांत आधी. क्रूपरची शिलिंध्री हा पक्षी मुख्यतः तुर्कस्तानातला. अख्ख्या ग्रीसमध्ये फक्त याच बेटावर घरटं करतो. तुम्ही वठलेलं खोड दाखवलंत आणि वाटेत काठी आडवी ठेवलीत: याच्या पुढे जायचं नाही! छातीवर तांबूस ठिपका मिरवणारा नर चोचीत किडे घेऊन बिनधास्त येत-जात राहिला. फोटो चांगले आले ते त्या काठीमुळेच.

कालोनीच्या मिठागरांजवळ पहाटे, स्वयंपाकघर उघडायच्या आधी, पाव-चीज बांधून देणाऱ्या खाणावळीतल्या मावशी, तुमचेही आभार. रोहित (फ्लेमिंगो) आणि शेकाटे हे पक्षी काही न्याहारीची वाट बघत थांबत नाहीत.

आणि इप्सिलू मठाच्या उतारावर भाड्याची गाडी चरातून ढकलून देणारे मेंढपाळ आजोबा! पैसे घेतले नाहीत, वर तारेवर गाणारा काळ्या डोक्याचा भारीट दाखवलात. आजोबा, हे भारीट हिवाळ्यात आमच्या महाराष्ट्रात येतात, ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी उतरतात. खुणांनी सांगायचा प्रयत्न केला, पण तुम्ही नुसते हसलात.