सालाझारच्या शाळेत बसलेली पिढी अजून बोलू शकते: गोव्याच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पणजी
यांस सविनय नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. डिसेंबरात मुक्तिदिनाची तयारी सुरू झाली की माझी मुलं ऑपरेशन विजयबद्दल, म्हणजे १९६१ साली गोवा मुक्त करणाऱ्या लष्करी कारवाईबद्दल, भरभरून बोलतात. डॉ. लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा त्यांना पाठ असते. पण त्या काळात तुमच्याएवढी मुलं वर्गात काय शिकत होती, घरात कुठल्या गोष्टी दबक्या आवाजात बोलाव्या लागत होत्या, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. त्यांचा यात काहीच दोष नाही. पोर्तुगीज अमदानी म्हणून साडेचारशे वर्षं आपण एका दमात शिकवून टाकतो. त्यातली शेवटची तीसेक वर्षं वेगळ्या जातीची होती. त्या वर्षांत गोव्यावर परकी सत्ता होतीच, शिवाय एक हुकूमशाहीही होती आणि तिचं लक्ष मुलांवर होतं. हे वेगळेपण शिकवायला हवं आणि त्यासाठी आपल्या खात्यानं आत्ताच पाऊल उचलायला हवं. एवढ्यासाठीच हे पत्र.

ही हुकूमशाही अंतोनियो सालाझारची. तो पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. १९२८ साली तो अर्थमंत्री झाला, १९३२ साली पंतप्रधान, आणि १९६८ पर्यंत खुर्चीवर राहिला. त्याच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणावं का, यावर इतिहासकारांत वाद आहे. माझ्यापुरता मी तो वाद एका प्रश्नानं सोडवतो: या राजवटीनं मुलांचं काय केलं?

१९३६ साली तिथल्या ‘सार्वजनिक शिक्षण’ मंत्रालयाचं नाव बदलून ‘राष्ट्रीय शिक्षण’ करण्यात आलं. त्याच वर्षी मे महिन्यात ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ ही युवक संघटना सरकारनंच काढली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना तिचं सभासदत्व सक्तीचं होतं. हिरवा सदरा, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या बकलावर ‘एस’ हे अक्षर आणि हात पुढे ताणून करायचा सलाम, जो तेव्हा इटली आणि जर्मनीतली मुलंही करत होती. पुढच्या वर्षी मुलींची वेगळी शाखा निघाली. तिचं काम चांगल्या गृहिणी आणि चांगल्या माता घडवण्याचं. वर्गाच्या भिंतीवर क्रूस, त्याच्या शेजारी सालाझारची तसबीर, आणि हातात सरकारनं ठरवलेलं एकच पुस्तक.

१९३८ साली ‘सालाझारचा धडा’ या नावानं सात भित्तिचित्रं छापून प्राथमिक शाळांत पाठवली गेली. त्यातलं शेवटचं चित्र मी वर्गात दाखवतो. शेतावरून घरी आलेला बाप, चुलीपाशी आई, जवळ खेळणारी मुलगी, मोसिदादच्या गणवेशातला मुलगा आणि कपाटावर क्रूस. खाली तीन शब्द: देव, देश, कुटुंब. पहिल्यांदा पाहताना मुलांना ते आवडतं, कारण खरंच ते प्रसन्न चित्र आहे. मग मी विचारतो की या घरात पुस्तक कुठं दिसतं का, या मुलीला उद्या डॉक्टर व्हायचं असेल तर चित्रात तिला जागा कुठं आहे, बापाला मजुरी परवडत नसेल तर त्यानं ते कुणाला सांगायचं. तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की हे घर सरकारनं काढून दिलेलं आहे आणि त्यात कुणी काही मागायचं नाही, असं आधीच ठरलेलं आहे.

शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती शिक्षकांची कथा. याच १९३६ साली प्राथमिक शिक्षक तयार करणारी अध्यापक विद्यालयं बंद केली गेली. ती पुन्हा उघडली १९४२ साली. खेडोपाडी स्वतः जेमतेम प्राथमिक शिकलेल्यांना तुटपुंज्या पगारावर शिकवायला बसवलं. सरकारी नोकरांकडून राजवटीशी निष्ठेचं प्रतिज्ञापत्र घेतलं गेलं. प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचं तर मंत्र्याची परवानगी लागे, आणि होणाऱ्या नवऱ्याची वागणूक व मिळकत सरकारला पटावी लागे! सक्तीचं शिक्षण तीन वर्षांवर आणून ठेवलं. चौथं वर्ष मुलांना मिळालं १९५६ साली, मुलींना १९६० साली. मुलांनी फार शिकू नये हा या राजवटीचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

हीच राजवट पणजीत बसली होती. सालाझारनं सत्तेवर पकड घेताच, १९३० साली, वसाहतींसाठी जो कायदा केला त्यानं गोवेकर दुय्यम प्रजा ठरले. गोव्यातले पत्रकार आणि नेते लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याविरुद्ध गोव्याच्या कौन्सिलात ठराव मांडला होता. पुढे सभेला परवानगी आणि छापील मजकुराला सेन्सॉरचा शिक्का लागू लागला. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडं न्यावी लागे, असं जुनी माणसं सांगतात. लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, जाणाऱ्या मुलांना मांडवी-जुवारीच्या काठी राहून पोर्तुगालच्या नद्या आणि राजे घोकावे लागत. ‘सेगुंद ग्राव’ ही पोर्तुगीज प्राथमिक शाळेची परीक्षा झालेल्या आजोबांना त्या नद्या अजून उगमापासून मुखापर्यंत येतात.

दुसरीकडं मराठी शाळा होत्या. पणजीची मुष्टिफंड १९०८ ची, फोंड्याचं गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चं, आणि गावोगावी देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत) किंवा कुणाच्या ओसरीवर भरणारे वर्ग. या शाळांत शिकवायला सावंतवाडी, रत्नागिरी, बेळगाव, सांगलीकडून मास्तर येत. आमच्याच तालुक्यातल्या सावईवेऱ्याला असा एक तरुण मास्तर आला, मनोहर आपटे. आपण सगळे त्यांना मोहन रानडे म्हणून ओळखतो. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले, पुढं त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं, आणि ते सुटले थेट १९६९ साली. म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. सुधीर फडके आणि इतर अनेकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. रानडे आपण क्रांतिकारक म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण सावईवेऱ्याच्या वर्गात त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांना काय वाटलं असेल? मास्तर अचानक दिसेनासे झाल्यावर घरच्यांनी त्या मुलांना काय सांगितलं असेल? हे आपण कधी विचारलं नाही.

घरांची कथा तर आणखी विखुरलेली आहे. १९५५ साली सीमा बंद झाल्यावर सावंतवाडीला किंवा कारवारला माहेर असलेल्या बायका वर्षानुवर्षं आईला भेटू शकल्या नाहीत. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मारली गेली. त्यानंतर घरातला एखादा काका भूमिगत असला तर मुलांना त्याचं नावसुद्धा घ्यायची बंदी असे. कासिमिरु मोंतेरु या पोलीस एजंटाच्या नावानं गावं थरकापत. याच माणसानं १९६५ साली पोर्तुगालमधल्या सालाझारविरोधकांचे नेते जनरल उंबेर्तु देल्गादु यांचा स्पेनच्या सीमेजवळ खून केला. गोव्यातल्या घरांना ज्याची भीती होती त्याचीच लिस्बनमधल्या घरांनाही होती. माझ्या विद्यार्थ्यांना हे कळतं तेव्हा त्यांचा पोर्तुगीज माणसावरचा राग थोडा निवळतो आणि ते राजवटीकडं बघायला लागतात.

आणखी एक गोष्ट मोकळेपणानं लिहितो. मी ज्या वृद्धांशी बोललो त्यांतले कित्येक त्या शाळेची आठवण प्रेमानं काढतात. अक्षर वळणदार होतं, शिस्त होती, दाराला कडी लावावी लागत नव्हती, असं म्हणतात. मी त्यांना खोडून काढत नाही. मुलाला सभाबंदी दिसत नाही, नीट आखलेली वही दिसते. किरिस्तांव (ख्रिस्ती) घरातल्या मुलाची आठवण वेगळी, हिंदू घरातल्या मुलीची वेगळी, कुळाच्या पोराची तर अगदीच वेगळी, कारण तो बहुधा शाळेत गेलाच नाही. ही सगळी बोलणी शेजारीशेजारी ठेवून वाचली तरच हुकूमशाही रोजच्या जगण्यात कशी मुरते ते मुलांना कळेल.

म्हणून माझी विनंती. १९६१ साली जे मूल दहा वर्षांचं होतं ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. लिसेंवात वरच्या वर्गात असलेले नव्वदीकडं झुकलेत. येत्या शालेय वर्षातच नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून आपापल्या गावातल्या अशा माणसांशी बोलायला पाठवा. कोकणी, मराठी, पोर्तुगीज, ज्याला ज्या भाषेत सोयीचं असेल त्या भाषेत बोलू द्या, ध्वनिमुद्रण करा, नावं उघड करायची की नाही हे त्यांच्यावर सोपवा. हे ध्वनिमुद्रण पणजीच्या पुराभिलेख खात्यात ठेवा आणि त्याच खात्याकडून त्या काळची शाळांची परिपत्रकं, पटनोंदी, क्रमिक पुस्तकं आम्हा शिक्षकांना पाहायला मिळतील अशी सोय करा. आग्वादच्या जुन्या तुरुंगातल्या संग्रहालयात आज कोठड्या पाहायला मिळतात. तिथं एका खोलीत त्या काळचा वर्गही मांडावा.

याला फार पैसा लागणार नाही. शिक्षकांना प्रश्न कसे विचारायचे याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि शाळांना लेखी परवानगी, एवढ्यावर सुरुवात होईल. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा आम्ही तालुक्यातल्या काही शिक्षकांनी तयार केला आहे. आपण वेळ दिलात तर तो घेऊन पणजीला येतो. शक्य झाल्यास पावसाळ्याआधी बोलवावं, कारण आमच्या यादीतल्या दोन आजींची प्रकृती बरी नाही.

आपला नम्र,
फोंडा तालुक्यातील एक इतिहास शिक्षक