फेरिटिन ‘नॉर्मल’, पण अंगात लोह कुठे आहे?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ अभियान २०१८ साली सुरू झाले. आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या घरोघर पोचवल्या. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमीच निघाले. याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक आपल्या कोणत्याच तक्त्यात बसत नाही, म्हणून हे पत्र.

संधिवात, आतड्याची सूज, किडनीचा जुना आजार यांत शरीरात दाह (आतली सूज) सतत धुमसत असतो. अशा वेळी यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त बनवते. त्यामुळे आतड्यातले लोह रक्तात फारसे उतरत नाही, पेशींत साठलेलेही अडकून पडते. त्यात वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून रक्त झिरपत असेल तर बघायलाच नको. लोहाची गोळी घेऊन बाईला बद्धकोष्ठ होतो, हिमोग्लोबिन हलत नाही, आणि आपण केसपेपरवर लिहून मोकळे होतो: ‘गोळ्या नियमित घेत नाही.’

तपासणीही फसवते. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारे प्रथिन; रक्तातल्या त्याच्या प्रमाणावरून लोहाचा साठा कळतो खरा, पण दाहात साठा कमी असला तरी ते वाढते. निरोगी प्रौढासाठी १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमतरता धरतात. दाह असेल तर ७० च्या खाली धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितले. आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टांवर मात्र एकच रेंज छापलेली असते. संधिवाताच्या बाईचे फेरिटिन ४५ आले की ‘नॉर्मल’, आणि ती घरी.

रिपोर्टवर दुसरी मर्यादा छापायला शाईपलीकडे खर्च नाही. जिल्हा रुग्णालयांत अशा रुग्णांची फेरिटिनसोबत सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर प्रत्यक्ष किती टक्के लोह आहे ते) तपासावी; सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर फेरिटिनच्या आकड्यावर विसंबू नये. शिरेतून द्यायचे लोह आतड्याची वाट टाळते. ते गरोदर बायांपुरते न ठेवता मेडिसिन वॉर्डातही मिळावे. सरसकट द्या, असे मी म्हणत नाही: अंगात जंतुसंसर्ग जोरात असताना ते टाळावेच लागते, आणि मूळ दाहावरचे उपचार सुटता कामा नयेत.

औषधखरेदीची पुढची यादी ठरवताना मेडिसिन विभागाचीही मागणी विचारावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावी काम करणारी एक डॉक्टर