वाद नाताळचा: अव्यास पत्र

पुणे, २७ डिसेंबर

प्रिय अव्या,

तुझं त्रोटक उत्तर मिळालं. ‘डाय हार्ड’ हा नाताळचा सिनेमा नव्हे, तो जुलैत आला होता, खुद्द ब्रूस विलिसच तसं म्हणालाय, सबब विषय बंद. वा रे वा! सांगलीच्या खोलीवरही तू असाच विषय बंद करून पांघरूण ओढून घ्यायचास आणि मी अंधारात एकटाच मुद्दे मांडत बसायचो. आता तू शिकागोत, मी पुण्यात. पत्रावर पांघरूण घालता येत नाही. सगळं वाचावं लागेल.

खुशाली थोडक्यात. काकू ठणठणीत आहेत. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढतात. सुमेधाच्या मागे वर्षअखेरीची कामं लागलीत. इराला नाताळची सुट्टी आहे, आणि त्या निमित्ताने मी आपला जुना रतीब पुन्हा सुरू केला: रोज रात्री एक सिनेमा, तोही पाहिलेलाच. सुमेधा विचारते, शेवट पाठ असलेला सिनेमा माणूस परत का बघतो? ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की मात्र हा प्रश्न तिला पडत नाही. तिथे अशोक सराफने तोंड उघडायच्या आत ही संवाद म्हणून मोकळी. तो सिनेमा १९८८ चा, ‘डाय हार्ड’ही १९८८ चाच. एकाला घरात मान आणि दुसऱ्याला ‘किती तो गोळीबार, आवाज कमी कर’.

पहिल्या रात्री काकूंना रिक्षाने घेऊन आलो आणि ‘होम अलोन’ लावला. म्हटलं, बघा, तुमचा अविनाश राहतो त्याच बाजूचं घर आहे हे. (ते घर विनेट्का गावात आहे, तुझ्यापासून किती लांब? एकदा जाऊन ये ना. बाहेरूनच बघ, आत लोक राहतात.) काकूंनी जरा वेळ पाहिलं आणि थेट सिनेमाचं बखोट धरलं: “पोर घरी राहिलं आणि आईला विमानात बसेपर्यंत पत्ता नाही? मोजत कोण होतं?”

आता हा आक्षेप काही काकूंचाच नाही. पण पुन्हा पाहताना कळतं की लिहिणाऱ्याने भोक दिसेल तिथे बूच मारून ठेवलंय. रात्री वाऱ्याने फांदी पडते, वीज जाते, गजर वाजत नाहीत, सगळं घर उशिरा उठून धावत सुटतं. डोकी मोजताना शेजारचा आगाऊ पोरगा सामानात हात घालून उभा असतो, तो घरी राहिलेल्या केविनच्या जागी मोजला जातो. वीज परत येते, पण फोनच्या तारा तुटलेल्याच, म्हणून पॅरिसहून घरी फोन लागत नाही. राहता राहिलं तिकीट. एक तिकीट उरलं तर विमानतळावर कळायला नको? तर इराने रिमोट घेतला आणि मागे नेलं. आदल्या रात्री पिझ्झाच्या गोंधळात टेबलावर दूध सांडतं, बाप कागदी रुमालांनी घाईघाईत पुसतो आणि तो सगळा ओला लगदा कचऱ्यात टाकतो. तिथे थांबवायचं. त्या लगद्यात केविनचं तिकीट आहे! क्षणभर दिसतं आणि जातं. काकूंनी चष्मा वर सरकवून खात्री करून घेतली आणि निकाल दिला: “म्हणजे चूक बापाची. मग आईलाच कशाला धावायला लावलं?”

आणि खरंच, धावते ती आईच. लहानपणी आपण रंगाचे डबे चोरांच्या तोंडावर कधी आदळतात याची वाट बघायचो. या वेळी मी आईकडे बघत होतो. पॅरिसच्या विमानतळावर एका वृद्ध जोडप्याला कानातलं आणि घड्याळ देऊ करून ती जागा मिळवते, डॅलस, मग स्क्रँटन, आणि तिथून पुढे पोल्का वाजवणाऱ्या मंडळींच्या गाडीत मागे बसून घर. त्या मंडळींचा म्होरक्या झालेला जॉन कँडी फक्त एका दिवसासाठी सेटवर आला होता. तो दिवस मात्र रात्र उलटेपर्यंत चालला. आपणही एकदा पोराला मयताच्या जागी विसरून आलो होतो, हे तो ज्या गांभीर्याने सांगतो ना, त्यावर काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या.

शेजारच्या घराच्या तळघरात पाणी तुंबलेलं दाखवलंय ना, ते एका बंद पडलेल्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात उभारलं होतं. घराच्या आतला बराचसा भागही त्याच शाळेत बांधला होता. हे इराला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे शाळेचा काहीतरी उपयोग झाला.”

आता मुख्य खटला.

तुझा मुद्दा पहिला: जुलै. तर १९४७ चा ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ घे. सांताक्लॉज खरा की खोटा याचा चक्क कोर्टात निकाल लावणारा सिनेमा. याहून नाताळी काय असायचं? तोही उन्हाळ्यातच आला. उन्हाळ्यात लोक थिएटरात जास्त येतात म्हणून स्टुडिओप्रमुख झॅनकने तो तेव्हा काढला आणि जाहिरातीत नाताळचा वासही लागू दिला नाही. प्रदर्शनाच्या तारखेवरून सिनेमाची जात ठरवायची, तर अर्ध्या जगाचे दाखले बदलावे लागतील.

दुसरा: विलिस २०१८ मध्ये स्टेजवर सगळ्यांसमोर म्हणाला की हा नाताळचा सिनेमा नाही. त्या कार्यक्रमाचा उद्देशच त्याची टर उडवणं हा होता, अव्या. तिथली साक्ष कोण धरतं? पटकथा लिहिणाऱ्यांपैकी स्टीव्हन डिसूझा उलट बोलतो. मी लिहिणाऱ्याच्या बाजूने.

पण साक्षीदार सोड, सिनेमाच उघड. त्यातून नाताळ काढून टाक आणि काय शिल्लक राहतं ते बघ. मॅक्लेन, म्हणजे विलिसने केलेला पोलीस, न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला येतो तो बायकोपोरांबरोबर नाताळ करायला. मोठ्ठं अस्वल काखोटीला मारून विमानातून उतरतो. बायको रात्री ऑफिसात आहे कारण वरच्या मजल्यावर नाताळची पार्टी आहे. बाकी इमारत ओस आहे कारण सगळे सुट्टीवर. म्हणूनच चोरांचा म्होरक्या हान्स ग्रूबरने ही रात्र निवडली: मूठभर ओलीस, एक तिजोरी, तिच्यात चौसष्ट कोटी डॉलरचे रोखे, आणि अडवायला कोणी नाही. तिजोरीचं शेवटचं कुलूप विजेवर चालतं, ते कोणाच्याने उघडत नाही. एफबीआय ठरलेल्या पद्धतीने इमारतीची वीज तोडेल आणि कुलूप आपोआप सुटेल, हा त्याचा हिशेब. आणि तो क्षण आला की मागे बेथोव्हनची नववी सिम्फनी दणक्यात वाजते. चोरांच्या विजयाला एवढं मंगल संगीत मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. शेवटी मॅक्लेन पाठीला पिस्तूल चिकटवतो ती चिकटपट्टीसुद्धा भेटवस्तू बांधायची, वर सणाच्या शुभेच्छा छापलेली! आता सांग, दिवाळीतून फराळ काढलास तरी दिवाळी उरते, पण यातून नाताळ काढलास तर मॅक्लेन न्यूयॉर्कमध्येच बसून राहील.

या वेळी मी बारीकसारीक गोष्टींकडे बघत होतो. सुरुवातीला मॅक्लेनची बायको हॉली चिडून कुटुंबाचा फोटो पालथा घालते. तो तसाच पडून असतो म्हणून हान्सला बराच वेळ कळत नाही की त्याला नडणाऱ्या माणसाची बायको त्याच्याच ताब्यात आहे. कंपनीने भेट दिलेलं तिचं घड्याळ एक सहकारी सुरुवातीलाच मिरवायला लावतो. शेवटी हान्स खिडकीबाहेर लोंबकळतो तो त्याच घड्याळाला धरून. मॅक्लेन घड्याळाची कडी सोडवतो आणि हान्स खाली. त्या क्षणीचा अ‍ॅलन रिकमनचा चेहरा बघ. तीन म्हटल्यावर सोडू असं सांगून त्याला आधीच सोडलं होतं, म्हणून ती भीती खरी आहे. हा त्याचा पहिला चित्रपट, हे दरवेळी विसरायला होतं.

आणि पाय! विमानातला सहप्रवासी सल्ला देतो: पोचल्यावर बूट-मोजे काढ, गालिच्यावर बोटं आखड, शीण जाईल. मॅक्लेन तेच करत असतो तेवढ्यात गोळीबार सुरू होतो आणि पुढचा सगळा सिनेमा तो अनवाणी. हान्स एकदा ओलीस असल्याचं सोंग करून त्याच्याशी बोलतो, तेव्हा त्याची नजर त्या पायांवर जाते. पुढे हान्स माणसांना सांगतो, काचा फोडा. (विलिसला शूटिंगमध्ये रबराचे पाय घालायला दिले होते. एकदा कळलं की एखाद-दोन ठिकाणी ते दिसतातही.) इरा आदल्या रात्रीचा सिनेमा आठवून ओरडली, “बाबा, मार्व्ह!” बरोबर! दोनच वर्षांनी ‘होम अलोन’मधला चोरही अनवाणी पायाने खिडकीतून झाडाच्या काचेच्या सजावटीवर उतरतो. इमारतीत एकटा अडकलेला एक जण, चोर, काचा, आणि घराकडे निघालेलं कुणीतरी. दोन्ही एकाच स्टुडिओचे. ‘डाय हार्ड’मधली ती नाकाटोमी कंपनीची इमारत म्हणजे फॉक्सचीच तेव्हा नुकती उभी राहत असलेली इमारत, स्टुडिओच्या शेजारची. वरचे मजले अर्धवट होते ते तसेच वापरले.

एक सांगू? हसत-हसत पाहत होतो, पण मधेच जरा गप्प झालो. मॅक्लेन सिनेमाभर स्वतःशीच बडबडतो. हवेच्या अरुंद नळीत सरपटताना कुरकुरतो, स्वतःला शिव्या घालतो, वॉकीटॉकीवर पॉवेलशी बोलत जीव तगवतो. कधी न भेटलेल्या त्या पोलिसाशी तो बाथरूममध्ये पायातल्या काचा काढत बोलतो, तोच मला अख्ख्या सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग वाटतो. आणि विलिसला २०२२ मध्ये वाचा जाण्याचा आजार झाल्याचं घरच्यांनी कळवलं, पुढच्या वर्षी स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचं निदान झालं. हे ठाऊक असताना ती बडबड वेगळी ऐकू येते. तेव्हा २०१८ चा दाखला देऊन त्याला यात ओढू नकोस.

‘लीथल वेपन’ एकट्याने पाहिला, इरा झोपल्यावर. तो १९८७ चा, तोही मार्चमधला, लिहिलाय शेन ब्लॅकने. या गृहस्थाला नाताळाशिवाय गोळी झाडता येत नाही बहुतेक. ‘आयर्न मॅन ३’सुद्धा त्याने डिसेंबरात नेऊन ठेवला. कथा ठीकच, मधला भाग मी मोबाइल बघत काढला. पण त्यातला पोलीस रिग्ज, बायको गेलेला, समुद्रकाठच्या ट्रेलरमध्ये एकटा, आपल्याच डोक्यासाठी एक गोळी राखून ठेवलेला; तो शेवटी सहकाऱ्याच्या दारात येतो आणि ती गोळी त्याच्या मुलीच्या हाती देतो, वडिलांना दे म्हणून. नाताळची भेट. मग मागून हाक येते आणि तो जेवायला आत जातो. मारधाडीच्या सिनेमात असं काही सापडतं म्हणून तर मी परत बघतो.

शेवटी ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. सुमेधाही बसली. १९४६ चा, फ्रँक काप्राचा. तेव्हा पैसे बुडाले होते. पुढे १९७४ मध्ये हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, सिनेमा फुकट झाला आणि अमेरिकेतल्या झाडून सगळ्या टीव्ही केंद्रांनी तो डिसेंबरात दाखवायला सुरुवात केली. कारकुनी हलगर्जीतून परंपरा! आपल्याला तर हे छान समजतं. त्यातलं बर्फ बघ. त्याआधी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स उधळायचे, पण पायाखाली ते इतके कुरकुरायचे की संवाद नंतर भरावे लागत. काप्राच्या लोकांनी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून फवारलं. शूटिंग भर उन्हाळ्यात. पुलावर जीव द्यायला निघालेल्या जेम्स स्टुअर्टच्या कपाळावरचा घाम खरा आहे. आणि ‘होम अलोन’मध्ये पॅरिसच्या घरात पोरं फ्रेंच आवाजातला जो कृष्णधवल सिनेमा बघत बसलेली असतात, तो हाच. इराने ओळखला, मी नाही सांगितलं.

आता कुठला चॅनेल काय लावतोय याची वाट बघायला नको, हे सुख आणि दुःख दोन्ही आहे. स्टार मूव्हीजवर ‘होम अलोन’ लागणार म्हणून आपण मेस लवकर उरकायचो. एचबीओने तर २०२० मध्ये ऐन डिसेंबरात भारतातून गाशा गुंडाळला. नाताळपर्यंत तरी थांबायचं!

काकू म्हणाल्या, तू मार्चमध्ये येतोयस. ‘डाय हार्ड’चा दुसरा भाग तेव्हासाठी राखून ठेवलाय. पुन्हा नाताळची पूर्वसंध्या, बर्फात अडकलेला विमानतळ, आणि वर घिरट्या घालणाऱ्या विमानात बायको. त्यावर काय युक्तिवाद करायचा तो समोर बसून कर. विलिस सोडून दुसरा साक्षीदार आण.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
मंद्या

ता. क. पोलंडमध्ये ‘होम अलोन’ दर नाताळला टीव्हीवर लागतो. २०१० मध्ये वाहिनीने तो वगळायचं ठरवलं, तर प्रेक्षकांनी एवढा गिल्ला केला की परत आणावा लागला. काकूंना हे फार आवडलं. त्यांचा निरोप: येताना बदाम आणू नकोस, मागचे अजून आहेत.